स्टिअरिंगमागची रेघ

रॉडनी स्पीचलीची गाडी सिक्स्टीन फूट नावाच्या कालव्यात गेली तेव्हा मी पंपहाऊसच्या दारात चहा पीत उभा होतो. एप्रिल १९८४, रविवार, सकाळचे साडेनऊ वाजलेले. मी पंपांवर मेकॅनिक होतो. शेतातलं पाणी उपसून कालव्यात चढवायचं, हेच पूर्व इंग्लंडातल्या आमच्या सखल भागातलं मुख्य काम, नाहीतर सगळा मुलूख पाण्याखाली.

रॉडनी आमचा पोस्टमन. मी आणि तो तीन हिवाळे खपून पंपहाऊसशेजारच्या शेडमध्ये दोन सारख्या गाड्या बांधत होतो. मिडलँड्समधला एक छोटा कारखाना किट विकायचा. खोक्यातून पोलादी नळ्यांचा सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, स्टिअरिंगचा रॅक आणि पुढची चाकं गाडीला जोडणारे आर्म यायचे. इंजिन आणि चाकं ज्यांवर बसतात ते हब आपण भंगारातल्या कॉर्टिना मोटारीचे काढून बसवायचे. दारं नाहीत, छप्पर नाही, वजन कॉर्टिनाच्या निम्मं. बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर.

त्याची गाडी माझ्यासमोरून गेली. वेग पंचेचाळीस मैलांपेक्षा जास्त नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आमच्याकडचे रस्ते काळ्या भुसभुशीत मातीवर टाकलेले. माती दरवर्षी खचते, त्यामुळे रस्ता निऱ्या घातल्यासारखा वरखाली होतो आणि कालव्याकडची कड जास्त बसते. गाडीचं डावं चाक एका खळग्यात उतरलं आणि नाक फर्रकन डावीकडे वळलं. रॉडनीचे हात मला दिसत होते. ते हलले नव्हते.

मी पळत गेलो. गाडी चारी चाकांवर शेवाळात बसली होती आणि रॉडनी छातीभर पाण्यात उभा राहून एका हाताने स्टिअरिंग धरून होता, जणू अजून चालवतोय. गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

"लेन," तो म्हणाला, "मी वळवली नाही रे. तीच वळली."

"बरं, बरं. आधी बाहेर ये."

"नाही, तू ऐक. मी वळवली नाही."

हे वाक्य त्याने नंतर हवालदाराला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, पबमध्ये सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि पाठ वळल्यावर हसले. शेहेचाळीस वर्षांचा ब्रह्मचारी, लाल रंगाची खेळण्यासारखी गाडी, मोकळा रस्ता. दुसरं काय होणार? माझी बायको मॉयरा म्हणाली, "तुझी पण विकून टाक. मला विधवा व्हायची घाई नाही."

खरं म्हणजे मलाही तोंड उघडायचा धीर नव्हता. माझी गाडीही त्या रस्त्यावर अशीच झटके द्यायची. मी टायरची हवा कमीजास्त केली होती, अलाइनमेंट तीनदा करून घेतली होती आणि शेवटी रस्त्यालाच दोष देऊन गप्प बसलो होतो.

रॉडनीचं ज्या एका माणसाने खरं मानलं, ती त्याची मोठी बहीण. एनिड.

एनिड स्पीचली तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. टर्फ एंड या आमच्या गावाच्या टोकाला आईवडिलांच्या विटांच्या घरात दोघं भावंडं राहायची. उंच, हडकुळी बाई, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना संपली की कुणाशी न बोलता सायकलवरून घरी जायची. पंधराव्या वर्षी ती पीटरबरोच्या एका इंजिन कारखान्यात ट्रेसर म्हणून लागली होती. इंजिनिअर लोक पेन्सिलने कागदावर यंत्रं आखायचे. त्या कागदावर निळसर पारदर्शक कापड ताणून या मुली शाईने रेघ न् रेघ वर उतरवायच्या. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असायची, तिच्यात दोन रकाने: 'आखणार' आणि 'उतरवणार'. छत्तीस वर्षं एनिडची आद्याक्षरं दुसऱ्या रकान्यात पडली. मग नकला काढायची यंत्रं आली आणि सगळ्या ट्रेसर बायकांना एकाच शुक्रवारी घरी पाठवलं.

तिने मला एकदा सांगितलं होतं, "इंजिनिअरची चूक दिसली तरी चूकच उतरवायची, असा नियम होता. सुरुवातीला मी सांगायला जायचे. साहेब म्हणायचे, मिस स्पीचली, तुमचं काम हाताचं आहे, डोक्याचं नाही."

अपघातानंतर चौथ्या दिवशी ती सायकलवरून पंपहाऊसवर आली. अंगात एप्रन, पाठीला कसलंतरी चादरीत गुंडाळलेलं ओझं.

"मिस्टर पर्किस, तुमची गाडी मला मोजायची आहे."

"कशासाठी, मिस स्पीचली?"

"रॉडनी खोटं बोलू शकत नाही. लहानपणी जॅम चोरला तर विचारायच्या आत कबूल व्हायचा. तो म्हणतो गाडी आपोआप वळली, म्हणजे वळली. का वळली ते बघायचंय."

मी मनात म्हटलं, बघू दे बापडीला. जीव शांत होईल.

तिने मला पुढचं डावं चाक काढायला सांगितलं, मग स्प्रिंग काढायला सांगितली, म्हणजे हब हाताने वरखाली करता येईल. ओझं सोडलं तर आत शिंप्याकडे असतो तसा फूटभर उंचीचा आरसा. तो तिने हबवर लाकडी पट्ट्यांनी घट्ट आवळला. बारा फुटांवर शेडची चुना लावलेली भिंत होती. भिंतीपाशी स्टुलावर टॉर्च ठेवला, काचेवर काळा कागद चिकटवून त्याला सुईने भोक पाडलं आणि मला म्हणाली, "दारं लावून घ्या."

सकाळचे अकरा वाजले होते. दारं लावल्यावर शेडमध्ये अंधार झाला आणि टॉर्चचा किरण आरशावर आपटून समोरच्या भिंतीवर वाटाण्याएवढा ठिपका उमटला.

"आता जॅकने चाक हळूहळू वर घ्या. खळगा आला, उंचवटा आला, असं समजा. ठिपका वर सरकला किंवा खाली आला तर काळजी नाही. चाक थोडं कलतं, इतकंच. ते कललंच पाहिजे. पण ठिपका आडवा जायला नको. आडवा गेला म्हणजे चाक वळलं."

"स्टिअरिंग तर मी दोरीने बांधलंय. वळेल कसं?"

"तेच बघायचंय."

मी जॅकचा दांडा मारला. एक इंच. ठिपका थोडा वर गेला आणि उजवीकडे सरकला. दोन इंच. आणखी उजवीकडे. मी चाक खाली सोडलं तर ठिपका मूळ जागा ओलांडून डावीकडे पळाला. एनिड पेन्सिल घेऊन भिंतीपाशी उभी होती आणि प्रत्येक इंचाला ठिपक्यावर फुली मारत होती. शेवटी तिने फुल्या जोडल्या. भिंतीवर विळ्यासारखी रेघ निघाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ इंच आडवी.

स्टिअरिंगला हात नव्हता. गाडी जागेवर होती. आणि चाक आपणहून वळत होतं.

तीन हिवाळे मी त्या चाकाशेजारी गुडघ्यावर बसलो होतो. एकेक नट मी स्वतः आवळला होता. हे माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. त्या गाडीतून मी मॉयराला ईली शहरापर्यंत नेऊन आणलं होतं.

"हे तुम्हाला कसं सुचलं?" मी विचारलं.

"मला नाही सुचलं. १९५३ साली एका तपासणी यंत्राचा नकाशा माझ्याकडे आला होता, आरसा आणि दिवा असलेला. इंजिनचा दांडा सरळ आहे का ते बघायला." ती आरसा पुसत म्हणाली. "हातातून गेलेलं विसरत नाही मी."

असे किती नकाशे तिच्या हातातून गेले असतील याचा मी हिशेब करू लागलो आणि सोडून दिला.

दोष आहे हे कळलं. का आहे, ते शोधायला तिला पुढचे नऊ दिवस लागले. रोज ती पट्टी आणि ओळंबा घेऊन यायची, माझ्या गाडीखाली जुन्या पोत्यावर आडवी व्हायची आणि आकडे सांगायची. मी लिहून घ्यायचो. इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत. मी एकदा म्हटलं, "अर्धा इंच धरा की," तर गाडीखालून आवाज आला, "मग मापायचंच कशाला? देवाच्या भरवशावर सोडू."

दहाव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. दार रॉडनीने उघडलं, हात झोळीत.

"पाय उचलून टाक," तो म्हणाला. "घरात जाळं विणलंय कोळिणीने."

तिने भिंतीला लावायच्या जाड कागदाचा अख्खा गुंडाळा बैठकीपासून बोळातून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर पसरला होता. बैठकीच्या दारापाशी गाडीचं पुढचं चाक खऱ्या मापात आखलेलं, समोरून पाहिल्यासारखं. चाकाला गाडीशी जोडणारे दोन आर्म, वरचा आणि खालचा. आणि दोघांच्या मधे टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की आडव्या सरकणाऱ्या रॅकमधून निघून चाकाला वळवणारी दांडी.

"हे दोन आर्म समांतर नाहीत, थोडे तिरपे आहेत," ती गुडघ्यावर बसून मला सांगू लागली. "त्यांच्या रेघा आत, गाडीच्या पलीकडे वाढवत नेल्या तर कुठेतरी एका बिंदूत मिळतात. चाक वरखाली होताना त्या बिंदूभोवती झोका घेतं. तो बिंदू गाडीत कुठेच नाही. हवेत आहे. पण चाकाला तो माहीत असतो."

दोन आर्मच्या रेघांवर तिने दोन पांढरे दोरे ताणले होते. ते बोळातून गेले होते आणि साडेनऊ फुटांवर, स्वयंपाकघरात, चुलीच्या पायापाशी एकाच टाचणीवर येऊन मिळाले होते.

"आता टाय रॉड. तोही झोका घेतो. त्याचा झोका जर याच बिंदूकडे रोखलेला असेल आणि लांबीला बरोबर असेल, तर चाक आणि दांडी जोडीने नाचतात, कुणी कुणाला ओढत नाही. हा बघा तो कुठे चाललाय."

टाय रॉडसाठी तांबडा दोरा होता. मी त्याच्या मागोमाग चालत गेलो. तो चुलीच्या पायापाशी आलाच नाही. बोळात हळूहळू फटकून निघाला आणि थेट पावाच्या डब्याखाली जाऊन संपला. टाचणीपासून दोन फूट लांब.

मी कितीतरी वेळ ते दोन पांढरे आणि एक तांबडा बघत राहिलो. गाडीत जिथे दोष होता तिथे तो नखाएवढा होता, बघूनही दिसला नसता. इथे घरभर पसरल्यावर तो वासरासारखा उभा होता.

"रॅक पाऊण इंच उंच बसलाय," एनिड म्हणाली, "आणि दोन्ही बाजूंना सव्वा इंच जास्त रुंद आहे. दुसऱ्या कुठल्यातरी हबसाठी मापलेला असणार, मग हब बदलले आणि रॅक तसाच राहिला. आखणारा माणूस वाईट नाही. घाईत होता."

"एनिड," रॉडनी बोळाच्या पलीकडून म्हणाला, "मला संडासला जायचंय."

"दोऱ्यावरून उडी मार. टाचणी हलली तर दुसरीकडचं हाड मी मोडेन."

"बघ लेन, असं आहे. आजाऱ्याची काही किंमत आहे का या घरात?"

पण उडी मारताना तो थांबला. त्याने तांबड्या दोऱ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. "म्हणजे मी वळवली नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मी रॅक खाली घेतला, आखूड करून घेतला, नवे ब्रॅकेट जोडले. पुन्हा आरसा, पुन्हा टॉर्च. ठिपका भिंतीवर सरळ चढला, पट्टीने आखल्यासारखा. मी गाडी रस्त्यावर काढली. झटका गेला होता. खळग्यात चाक उतरलं तरी नाक सरळ. मी आनंदाने परत आलो, तर एनिड शेडच्या दारात उभी.

"कसं वाटलं?"

"सरळ जाते."

"ते माहीत आहे. कसं वाटलं?"

गाडी शहाणी झाली होती खरी, पण स्टिअरिंग मुकं होतं. आधीही असावं, झटक्यांच्या भीतीत लक्षात आलं नव्हतं. वळवलं की वळायचं, सोडलं की तिथेच राहायचं, आपणहून मधे यायचंच नाही. "जाड हातमोजे घालून कुणाचा हात हातात घ्यावा तसं," मी म्हणालो. "समोरचा जिवंत आहे की नाही कळत नाही."

एनिडने कधी गाडी चालवलेली नव्हती. तरी तिने मान हलवली, जणू तिलाही तेच जाणवलं होतं. आणि पंपहाऊसमध्ये जाऊन चहाची ढकलगाडी घेऊन आली. तिचं एक छोटं चाक मला दाखवलं.

"हे चाक त्याच्या खिळ्याच्या मागे फरपटत येतं. म्हणून ढकललं की सरळ होतं. मोटारीचंही तसंच. चाक ज्या आसावर वळतं तो आस वरून थोडा मागे झुकलेला असतो. त्या झुकावाला कॅस्टर म्हणायचे आमच्याकडे. कॉर्टिनाला दोन अंश झुकाव पुरतो, कारण ती जड आहे. तिचं वजनच चाकाला सरळ आणतं आणि हाताला खबर देतं. जास्त झुकाव दिला असता तर बायकांना वळवता आली नसती. आता तुम्ही तेच हब निम्म्या वजनाच्या गाडीला लावलेत. दोन अंशांत ते काय बोलणार? कुजबुजतंय. सहा अंश करा."

वरचे आर्म मागे सरकवायला मी वॉशर बदलले. वरचा जॉइंट पाऊण इंच मागे गेला. मी स्पॅनर खाली ठेवला, तर ती आरसा घेऊन उभीच.

"परत कशाला? रॅकला हात नाही लावला मी."

"हब मागे झुकला, म्हणजे टाय रॉडचं टोक खाली-वर झालं असणार. एक हलवलं की दुसरं हलतंच."

ठिपका खरोखरच पुन्हा वाकडा गेला, अर्धा इंच. रॅकखाली पत्र्याची पातळ पट्टी घालून ठिपका सरळ होईपर्यंत दुपार गेली.

मग मी तिला गाडीत बसवलं. तिने टोपीवरून रुमाल बांधला, पर्स मांडीवर घट्ट धरली. आम्ही सिक्स्टीन फूटच्या रस्त्याला लागलो.

ते मी कसं सांगू? तीस वर्षं मी यंत्रांत काढली आहेत, पण यंत्र माझ्याशी त्या दिवशी पहिल्यांदा बोललं. डांबराची जुनी जोडणी आली, ती बोटांना कळली. ओला पट्टा आला, स्टिअरिंग केसभर हलकं झालं, आणि मी डोळ्यांनी बघायच्या आत हातांनी ओळखलं. वळणावर ते हळूहळू भरत गेलं, जितकं वळण घट्ट तितकं भरलं, आणि वळण सुटताच माझ्या तळव्यांतून आपणहून सरकत मधे आलं. खळगे होते तिथेच होते. गाडी त्यांवरून जात होती आणि प्रत्येकाचं नाव सांगत होती. मला एकदम चर्चमध्ये टोपी काढावी तसं काहीतरी वाटलं. इतकं सगळं पाऊण इंचात दडलेलं होतं.

एनिडने हात पुढे केला आणि एक बोट, फक्त एक, स्टिअरिंगच्या कडेवर ठेवलं. दीड मैल तिने ते तिथून काढलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्याने असेल. काचही नव्हती नीट.

परतल्यावर ती म्हणाली, "अशा किती गाड्या विकल्यात त्यांनी?"

तिने कारखान्याला पत्र लिहिलं, मोजून-मापून, तीन पानी. उत्तर चार ओळींचं आलं. एकशे त्रेचाळीस किट विकले आहेत, अशी तक्रार कुणाची नाही, आपल्या भागातल्या रस्त्यांची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. रॉडनीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि कारखान्याच्या मालकाच्या आईविषयी काहीतरी म्हणाला. एनिडने पत्र घडी करून ठेवलं आणि जुन्या सामानातून कापडाची गुंडाळी, शाई आणि पेन काढलं.

तिने नकाशा शाईत उतरवला. दोन आठवडे. मी शेवटच्या दिवशी तिथे होतो. सगळं पुरं झालं होतं, फक्त कोपऱ्यातली चौकट उरली होती. तिने सवयीने दुसऱ्या रकान्यावर पेन नेलं, 'उतरवणार', आणि आद्याक्षरं घातली. मग पहिल्या रकान्यापाशी आली आणि थांबली. शाई पेनात सुकली. तिने ती पुसून पुन्हा भरली. पुन्हा सुकली.

"घाल की नाव," रॉडनी हळूच म्हणाला. "दुसरं कोण होतं इथे?"

तिने लिहिलं: ई. स्पीचली. 'स्पी'वर पेन जरा जास्त टेकलं आणि शाईचा जरासा फुगवटा आला. तेवढा एकच त्या सगळ्या कापडावर.

शनिवारी एनिड आणि मी माझ्या गाडीतून कारखान्यावर गेलो. मालकाचं नाव विल्फ्रेड गॅमेज, जाड भिंगांचा, चाळिशीचा, बाह्या सरसावलेला माणूस. त्याने नकाशा बाकावर पसरला आणि माझ्याशी बोलू लागला.

"तुम्ही हा रॅकचा बिंदू..."

"मी पंप दुरुस्त करतो," मी म्हटलं. "त्यांच्याशी बोला."

त्याने एनिडकडे बघितलं. एप्रन नव्हता, चर्चचा कोट होता. "हे कुठल्या इंजिनिअरने आखलं, मॅडम?"

"चौकटीत लिहिलंय."

त्याने वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. "बरं," तो म्हणाला, "पण कागदावर काहीही दिसतं."

"मग गाडीवर बघू. तुमच्याकडे आरसा आहे का?"

कामगारांच्या हात धुवायच्या जागेतला आरसा उतरवून आणला. त्यांची दाखवायची गाडी, कारखान्यात खास बांधलेली, जॅकवर घेतली. पाच-सहा कामगार हात पुसत गोळा झाले. एकजण म्हणाला, "जादूचे प्रयोग आहेत का? तिकीट कुठेय?" दुसरा हसला. मग दिवे घालवले.

ठिपका आडवा गेला. विळाच निघाला. गॅमेजने स्वतः जॅक घेतला, स्वतः चाक वर केलं, खाली केलं. चार वेळा. मग तो तेलाच्या पिंपावर बसला.

"पहिल्या गाडीला दुसरे हब होते," तो म्हणाला. "मिळेनासे झाले म्हणून कॉर्टिनाचे घेतले. रॅक... रॅक मी तपासलाच नाही." त्याने चष्मा काढला. "एकशे त्रेचाळीस. देवा. माझी बायको चालवते यातली एक."

एनिड त्याच्याजवळ गेली. मला वाटलं आता ती चार शब्द सुनावणार, आणि मी मनातून वाट बघत होतो. ती म्हणाली, "ब्रॅकेटचं माप खालच्या कोपऱ्यात आहे. साध्या पट्टीतून कापता येईल. रॅक किती आखूड करायचा तेही तिथेच आहे. सोमवारी सुरू केलंत तर महिन्याभरात सगळ्यांना पाठवून होतील."

त्याने पाठवले. हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र, ब्रॅकेट, आखूड रॅक आणि तिच्या नकाशाची नक्कल, फुगवट्यासकट. एकशे अडतीस जणांचा पत्ता लागला. पाच गाड्या एकाकडून दुसऱ्याकडे विकल्या जाऊन हरवल्या होत्या. त्यांतल्या तीन त्याने मासिकात जाहिरात देऊन शोधल्या, एक तर थेट स्कॉटलंडमध्ये जाऊन. उरलेल्या दोन कधी सापडल्या नाहीत. एनिड त्या दोनांविषयी वर्षानुवर्षं विचारत राहिली.

गॅमेजने तिला कामावर यायला सांगितलं. ती दर गुरुवारी बसने जायची, सात वर्षं, कारखाना बंद होईपर्यंत. त्यांच्या पुढच्या दोन गाड्यांची पुढची बाजू तिने आखली. इंग्लंडभरातून लोक आपापल्या बांधलेल्या गाड्या घेऊन टर्फ एंडला येऊ लागले, डॉक्टर, खाटीक, एक निवृत्त न्यायाधीश, आणि ती त्यांना पंपहाऊसच्या शेडमध्ये जमिनीवर बसवून जॅक मारायला लावायची. रॉडनी त्यांना चहा द्यायचा आणि आपला अपघात सांगायचा. दरवेळी कालवा थोडा खोल व्हायचा. हलक्या गाडीत मात्र तो पुन्हा कधी बसला नाही. त्याने एक जुनी मॉरिस व्हॅन घेतली आणि तीस मैलांच्या वर नेली नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी एनिड गाडी शिकायला लागली. परीक्षेत तीनदा नापास झाली. तिसऱ्या वेळी परीक्षकाने लिहिलं की उमेदवार रस्त्यापेक्षा रस्त्याच्या पृष्ठभागाकडे जास्त लक्ष देते. चौथ्यांदा पास झाली, आणि त्याच शनिवारी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"किल्ली द्या, लेन."

इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. मी किल्ली दिली.

आम्ही हनस्टॅन्टनला समुद्रावर गेलो, चाळीस मैल. ती सावकाश चालवत होती, स्टिअरिंग बोटांच्या टोकांत धरून, मध्येच एखाद्या पट्ट्यावर "हं" म्हणायची आणि पुढे दोन मैल गप्प. किंग्ज लिनच्या पुढे रस्ता चांगला लागला तेव्हा ती जरा नाराज झाल्यासारखी वाटली. किनाऱ्यावर आम्ही कागदातले चिप्स घेऊन भिंतीवर बसलो. भरती येत होती. तिने चिप्स तसेच बाजूला ठेवले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. शाईने कायमची निळसर झालेली बोटं, थरथरणारी.

"अजून चालू आहे," ती म्हणाली. "सगळा रस्ता अजून हातात आहे. तुम्हाला पण असंच होतं का?"

"हो," मी म्हटलं.

"आणि मला कधी सांगितलं नाहीत." तिने हात मांडीवर ठेवले आणि ते बघत बसली. चिप्स थंड झाले. मी ते समुद्रपक्ष्यांना घातले.